कोपरापासून मनगटापर्यंत

घणसोलीत, मासळीबाजाराच्या वरच्या हॉलमध्ये
महिन्यातल्या शेवटच्या रविवारी
ठाले सर इतर शैलीवाल्यांनाही बोलावतात.
लग्नाच्या खुर्च्या एकावर एक रचून आम्ही जागा करतो.
खालून बोंबलाचा वास येत असतो.
विषय एकच: समोरून ठोसा आला, तर?

ठाले सर कराटेवाले, रबाळ्याची रात्रपाळी उरकून थेट आलेले.
त्यांचा हात पोटाजवळून निघतो,
वळत वळत कपाळाच्या वर जाऊन थांबतो,
दारावरच्या गणेशपट्टीसारखा.
“हाड द्यायचं,” म्हणतात, “मांस राखायचं.”

नेरूळचे सजीवन कळरी शिकवतात.
ते अडवतच नाहीत.
इतके खाली बसतात की ठोसा
बंद घराची बेल वाजवून परत जातो.

कळव्याची ऋतिका, बॉक्सिंगची, वय एकोणीस:
“ताई, एवढा हात कशाला? डोकं चार बोटं हलवा की.”

आणि लाठीवाले डोईफोडे काका,
आडनावावर हसायचं नाही, हे आधीच बजावणारे:
“वाराशी भांडू नये. त्याला वाट दाखवावी
आणि आपण वाटेत नसावं.”

मग वाद. हाड की वाट, बसणं की सरकणं,
चहा गार होईस्तोवर.

सोमवारी बेलापूरला ऑफिसात
डबा उघडताना माझी बाही वर सरकते.
कोपरापासून मनगटापर्यंत जांभळं.
शेजारच्या मुळगुंद मॅडम आवाज खाली आणतात,
“घरी सगळं ठीक ना?”
“क्लासमधलं आहे,” मी सांगते.
त्या मान हलवतात,
असंच उत्तर येणार, हे ठाऊक असल्यासारखी.

काल सरांनी न सांगता ठोसा टाकला.
माझा उजवा हात वर गेला, पण मूठ न मिटता,
तोंड भिंतीकडे वळलेलं.
आणि डावा,
जो नियमाप्रमाणे कमरेशी ओढायचा,
तो मागे गेला, पंजा पसरून,
कुणालातरी पाठीशी धरल्यासारखा.

“ही कुठली शैली?” ऋतिका हसली.
सजीवन वाकून माझे पाय बघत राहिले, कुठे कसे रोवलेत ते.
सर म्हणाले, “मागे कोण आहे तुमच्या?”

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
रात्री कडी वाजली की
त्या डाव्या पंजामागे मी उभी असायचे.
साडीच्या निऱ्यांना रॉकेलचा वास.
पुढे काय व्हायचं ते दिसत नसे,
नुसतं ऐकू यायचं.
हाड द्यायचं, मांस राखायचं,
हे आईला कुणी शिकवलं नव्हतं.

“कुणी नाही, सर,” मी म्हटलं. “परत टाका.”

परत टाकला. उजवा हात जमला, गणेशपट्टीसारखा.
डाव्याला डोईफोडे काकांनी
हळूच धरून कमरेशी आणलं.

सोडला, तर पुन्हा मागे.