दोन रकाने

दोन रकाने आलेत तुझ्यावर, ऑस्विन.
फोटो जुना आहे, हेलसिंकीतला बहुधा,
छातीवर ते पदक, आणि मान अशी ताठ
जणू कॉलर दुसऱ्याची आहे.

लिहिलंय, जन्म व्हाइटहेवन.
लिहिलंय, वडील खाणीत नोकरीला.
नोकरी!
बाबा समुद्राच्या तळाखालून तीन मैल चालत जायचा.
डोक्यावर दगड, दगडावर पाणी,
पाण्यावर हेरिंगच्या होड्या,
आणि लांब काठावर आई, दोरीवर चादरी घालत.

माणसं आत सोडण्याआधी
काठीनं छत ठोकून बघायचं, हे त्याचं काम.
खणखणीत वाजलं तर चला.
बद्द वाजलं तर सगळे मागे,
मालक काहीही म्हणो.
रविवारी तो पावाच्या बुडाला टिचकी मारायचा,
मग टेबलाला, मग तुझ्या डोक्याला,
'सांग, कसं वाजलं?'
तुला नेहमी बरोबर सांगता यायचं. मला नाही.

मग स्कॉलरशिप. दक्षिणेची गाडी.
क्रू स्टेशनवर डबा बदलताना
तू बोलीही बदललीस म्हणे.
ईस्टरला आलास, दारातून दोन वाक्यं बोललास,
आणि आईनं न कळत
सोनेरी काठाचा कप काढला,
डॉक्टर आणि पाद्री यांच्यासाठीचा.
तू तो मुकाट्यानं घेतलास.

रोझमंडशी लग्न, तिचे वडील जनरल.
चर्चमध्ये बाबा जूनच्या उन्हात
हातमोजे घालून बसला.
कोळशाचे निळे व्रण होते ना हातांवर.
कुणी सांगितलं नव्हतं घाल म्हणून.
काढ, असंही
कुणी म्हणालं नाही.

खार्टूम, उलानबातर, हेलसिंकी. मला पोस्टकार्डं.
पेपरवाला लिहितो, सरांची एक लकब होती,
समोरचा मंत्री बोलायचा थांबला की
पेन्सिलीनं टेबलावर हलकेच ठोकायचे
आणि कान देऊन बसायचे.
लकब म्हणे.
बडा घर, पोकळ वासा,
हे ओळखायला तू ऑक्सफर्डला शिकला नव्हतास.

लिहिलंय, दोन वर्षं आधी निवृत्ती, प्रकृतीमुळे.
त्या रात्री तुझा फोन आला होता.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा रात्री.
'हेस्टर, छत बद्द वाजतंय.
तीनदा तार केली मी लंडनला.
तरी ते पोरं आत सोडतायत.'
मी काय बोलणार? म्हटलं, जेवलास का.

शेवटी तो झटका. फ्रेंच गेली, रशियन गेली,
रोझमंडचं नावसुद्धा गेलं.
उरलं ते आजोबांचं मेंढ्या मोजणं,
यान, त्यान, तेथेरा, मेथेरा, पिम्प.
खिडकीतल्या कबुतरांना मोजत बसायचास.
नर्सला वाटलं मंगोलियन असेल.
मी तिला काही सांगितलं नाही.

'सहा भाषा अवगत होत्या', शेवटची ओळ.
शब्दकोड्याची पेन्सिल हातातच होती.
तो सहा मी खोडला नाही.
पेपर घडी करून ठेवला,
आणि बेकरीतून आणलेल्या पावाच्या बुडाला
उगाच एक टिचकी मारली.

अजूनही मला नाही कळत, ऑस्विन.