खुणेची बाई

गोल्फ क्लबच्या मैदानावर ना गोल्फ ना क्लब,
तरी नाशिककर तसंच म्हणतात.
मीही पत्रात तशीच :
सांकेतिक भाषा दुभाषी, महिला, नग एक.

काळा ब्लाउज घाला, बांगड्या नकोत, म्हणाले.
व्यासपीठाच्या टोकाला खडूनं चौकोन आखला होता.
बाहेर पाऊल टाकलंत तर पडद्यावरून जाल,
कॅमेऱ्यावरचा पोरगा म्हणाला.

जानेवारी. निफाडला चार अंश. बोटं आखडलेली.
समोर डावीकडे, दोरीच्या आत, आमची शाळा,
आणि माजी विद्यार्थी दिगंबर दोंदे.
तांबट आळीत घागरी ठोकतो दिवसभर;
अख्ख्या गल्लीला ऐकू येतं, त्याला सोडून.

ते आले. नवे.
ओरडले नाहीत. ओरडणाऱ्याचे हात करणं सोपं असतं.
हे हळू बोलले,
जावई पहिल्यांदा पाटावर बसल्यासारखे.
‘मी काही बोलणारा माणूस नाही,’ म्हणाले,
एक तास दहा मिनिटं.

आपण म्हणजे मोठा गोल :
छातीपासून निघायचं, समोरच्यांना कवेत घ्यायचं,
परत छातीशी.
आपलं नाशिक, आपली गोदा, आपली द्राक्षं.
हात फिरत होता, आणि खरं सांगते,
अंगात ऊब येत होती.

मग कधीतरी ‘आम्ही’ सुरू झालं.
मैदानाच्या ते लक्षात आलं नाही.
हाताच्या आलं.
आम्हीचा गोल लहान असतो, समोरचे बाहेर राहतात.
मी केला.
खांदा दुखायचा थांबला.

‘या शहरात मला शांतता हवी आहे.’
मराठीत शब्द एक, हातांना दोन.
तळवे पालथे, पाणी निवत जावं तसे खाली,
किंवा
ओठांवर बोट.
विचारणार कुणाला?
त्यांनीच पुढे सांगितलं :
‘तुम्ही आता काही बोलायची गरज नाही. मी आहे ना.’
टाळ्या.
मी ओठांवर बोट ठेवलं.
हातांनी बोलणाऱ्या तीस पोरांना
हातानंच म्हटलं, गप्प.

आणि मग :
‘ते. ते कोण, तुम्हाला ठाऊक आहे.’

तोंडानं ‘ते’ म्हणायला पत्ता लागत नाही.
हातानं म्हणायचं तर बोट कुठेतरी न्यावंच लागतं.
मागे खुर्च्यांवर पुढारी.
उजवीकडे ते स्वतः, आदरार्थी.
समोर बघेल तिथवर टोप्या.
पडद्यात मावेल अशी एकच बाजू उरली होती.

नेमके तिथेच थांबले.
भाषणातलं थांबणं ते, आधी लिहून ठेवलेलं.
वाक्य पुरं होईपर्यंत हात खाली आणायचा नाही
हा नियम मीच शिकवते.
बोट हवेत. दोरीच्या आत.

दिगंबरनं मागे वळून पाहिलं.
मागे बांबू होते, पाण्याचा टँकर होता.
मग पुन्हा माझ्याकडे.

पुढचं वाक्य काय होतं आठवत नाही.
केलं मी ते, नीट केलं,
जिल्हा माहिती कार्यालयानं नंतर कौतुकाचा फोनही केला.

आमची मुलं टाळ्या वाजवत नाहीत,
दोन्ही हात वर धरून हलवतात,
ओले हात झटकावेत तसे.
त्या संध्याकाळी डावीकडे एक हात वर नव्हता.
थंडी होती. सगळ्यांचे हात खिशात.

आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं.
मुलंच देतात. मागून मिळत नाही.
साहेबांना अजून दिलेलं नाही त्यांनी.
माझं होतं हनुवटीवरचा तीळ, बारा वर्षं.

सोमवारी वर्गात शिरले
तर सातवीतली निशिगंधा शेजारणीला सांगत होती
बाई आल्या म्हणून.
हनुवटीकडे हात गेलाच नाही तिचा.
एक बोट, ताठ, पुढे केलेलं,
आणि मला बघूनही
तिनं ते लगेच खाली घेतलं नाही.