गार इंजिन

नाना पेठेत टायरवाल्यांची गल्ली संपते
तिथं मुर्तझाभाईंचं दुकान. दारात पाण्याचं पिंप,
पिंपाच्या काठाला आवळून बसवलेली निळी मोटर.
नवा रंग, नवं स्टिकर, पंखासुद्धा घासून चकचकीत.
मी म्हणालो, आत्या, हीच.
मी औंधच्या आयटीआयचा, मोटर मेकॅनिक, दुसरं वर्ष,
मला वाटलं होतं मला विचारतील.

द्रौपदाआत्यानं चपला काढल्या
(सवय. होडीत चढताना काढते)
आणि मोटरीच्या टोपणावर पालथा हात ठेवला,
फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"गरम हाय."
सकाळीच एक गिऱ्हाईक चालवून बघून गेलं, मुर्तझाभाई म्हणाले.
"गिऱ्हाईक, का तुमीच उठवून ठिवलीय?
गार असताना जी उठत न्हाय
ती पहाटं चारला धरणात काय उठनार?"

मग स्क्रू बघितले. रंगाखाली डोकी झिजलेली,
कुणीतरी पुन्हापुन्हा उघडली होती,
दरवेळी घाईत मिटली होती.
बोट ओलं करून तिनं कंसाच्या सांध्यात फिरवलं,
जिभेला लावलं, थुंकली.
"खारट. दर्यावरची हाय ही. आतनं खाल्लेली आसंल.
दुसरी दावा."

दुसरी पोत्याखाली होती. करडी,
टोपण तडकलेलं, सुतळीनं बांधलेलं.
ती नको ताई, मुर्तझाभाई म्हणाले,
आणि मग नाइलाजानं, माझ्याकडे बघत:
ठेकेदाराची होती. खडकवासल्यात कुणी बुडालं की
शोधायला जायची.
तिघं-चौघं बघून गेले. ऐकलं, की नको म्हणतात.

आत्या काही बोलली नाही.
खालच्या पेटीचा स्क्रू ढिला करून तेल तळव्यावर घेतलं.
काळं, पण दुधट नाही. पाणी शिरलेलं नाही.
प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला,
मला म्हणाली, वढ.
मी दोरी ओढली. आतल्या दाबानं अंगठा उडवला तिचा.
पंख्याची पिन उपटली. मागं दांड्याभोवती
तंगूस गुंडाळलेला, वीतभर, दोन गाठींचा.
नखानं सोडवला, गाठी बघितल्या,
कनवटीला लावला.
"सील कापलं न्हाय आजून."

पिंपात पहिल्या ओढीला काही नाही.
दुसऱ्या ओढीला खोकली.
तिसऱ्या ओढीला शेजारचे टायरवाले
धुरानं शिव्या द्यायला लागले.
कुशीतल्या बारीक भोकातून पाण्याची धार,
सरळ, न तुटणारी. आत्यानं त्यात बोट धरलं. कोमट.
"चालू ऱ्हाऊ द्या."
किती वेळ?
"च्या सांगा."

अर्धा तास ती एका टायरवर डोळे मिटून बसली होती.
चहावर साय धरली.
गेल्या शिमग्याला मधोमध पाण्यात
आमची जुनी मोटर बंद पडली, वारा सुटलेला होता.
काय झालं ते आत्यानं मला कधी सांगितलं नाही.
घरी भिंतीला एकच वल्हं टांगलेलं आहे.

मोटर एकदाही अडखळली नाही.
आत्यानं डोळे उघडले.
"मानसं घावायची का?"
कुठली?
"शोधायला जायची न्हवं ही?"
बहुतेक घावायची.
"आन् शोधनारी?"
मुर्तझाभाईंनी रुमालानं हात पुसले, उगाचच, बराच वेळ.
ती रोज परत यायची, ताई.

एकोणीस हजार म्हणाले, सतरावर आले.
सुतळीचे म्हणून तिनं आणखी दोनशे तोडले.

स्वारगेटला भिगवणकडची गाडी लागलेली.
टपावर टाकू, मी म्हणालो. नाही म्हणाली.
सीटखाली आडवी? तर माझ्याकडे असं बघितलं
की दोन वर्षांचं आयटीआय पुसलं गेलं.
दोन गुडघ्यांत उभी धरून बसली,
तडकलेल्या टोपणावर हात.

हडपसरच्या पुढं कंडक्टर आला. हे काय?
मी सांगायला लागलो, दोन स्ट्रोक, आठ अश्वशक्ती,
आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"अर्धं काढा."