व्ही-२१४

बाहेर सीगल ओरडतायत. ऊन औषधालाही नाही.
सोमवारपासून ही खोली दुसऱ्या कुणाची,
म्हणून उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून
एकतीस वर्षं बाहेर काढतेय,
हातमोज्यांचे दोन जोड चढवून.

प्रत्येक कुपीवर माझंच अक्षर.
व्ही-१२. व्ही-८८. व्ही-३०९.
नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, व्ही म्हणजे व्हिक्टरी.
व्ही म्हणजे वझे.
आमच्याकडे वझं म्हणजे ओझं,
हे मी संडरलँडमध्ये कुणाला सांगितलं नाही.

नाव ठेवावं असं एकही निघालं नाही.
नावं ठेवणारे भेटले,
दर तीन वर्षांनी, अनुदानाच्या समितीत.

व्ही-२१४ ने मात्र ताटलीतल्या सगळ्या पेशी मारल्या होत्या.
शुक्रवार होता. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला,
दोघं-तिघं चक्क नाचले.
उंदरांच्या यकृतांनी बाविसाव्या दिवशी
नकार कळवला.
मी तो नकारही छापला,
फारसं कुणी न वाचणाऱ्या एका नियतकालिकात.

डेरेक हेडली काच फुंकायचा.
नदीकाठचा कारखाना बंद पडला
तसा आमच्या तळघरात आला, ज्योत घेऊन.
तडकलेला कंडेन्सर असा फिरवायचा
जणू झोपलेलं मूल या कुशीवरून त्या कुशीवर.
"घे गं पोरी," म्हणायचा,
मी प्राध्यापक झाल्यावरसुद्धा.

मग त्याच्या हाडांच्या मज्जेतच
पेशींनी कारखाना टाकला.
तुझ्याकडे काही आहे का, असं
त्याने एकदाही विचारलं नाही.
इतकी वर्षं भांडी त्याचीच होती, तरी.

रविवारी त्याच्या ओट्याशी उभी राहून
आठवड्याच्या डबीत गोळ्या भरायचे,
कराडला मामांच्या दुकानात मोजायचे तशा,
पाच-पाच सरकवत.
गोळ्या दुसऱ्यांच्या होत्या.
त्यांना नाव होतं, जीभ अडखळेल असं.
गुण आला. तीन वर्षं आला.

एका रात्री त्या गोळीचा मूळ निबंध काढून वाचला.
तळटीप सत्तेचाळीस: वझे.
या वाटेने जाऊ नये,
एवढ्यापुरती.
डेरेकला सांगितलं, तर चहा ढवळत म्हणाला,
"म्हणजे पाटी लावलीस. पुढे खड्डा आहे."
आणि साखर विसरलो म्हणून उठला.

कुप्या पिवळ्या पिशवीत चालल्या, जाळायला.
दार उघडं राहिलं म्हणून फ्रीझर केकाटतोय.
केकाटू दे.

कंडेन्सर मी घरी नेतेय.
यादीत त्याची नोंद नाही, विचारून पाहिलं.
त्याने जोडलेली जागा उजेडात धरली तरी दिसत नाही.
मोजे काढल्यावर
बोटाला लागते.