तृतीयपुरुषी एकवचनी

पणजीच्या स्टुडिओवाल्यांनी कळवलं,
आवाज आवडला, मीडिया किट पाठवा.
किट म्हटल्यावर मला आठवली
मांडवातली प्रथमोपचाराची पेटी.

फोंड्याला वरच्या बाजारात, चपलांच्या दुकानावर
एल्टनची अडीच खुर्च्यांची खोली.
मी वहीचं पान पुढे केलं:
'मी गेली बावीस वर्षं जत्रेत...'
त्याने मान हलवली.
आँटी, 'मी' नको. 'ती' करा.
दुसरंच कुणी तुमच्याबद्दल बोलतंय
असं वाटलं पाहिजे.

दुसऱ्यांबद्दल बोलायचं काम तर माझं, बाबा.
जनरेटरच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेल्या माईकवर
मीच सांगत आले:
निळा फ्रॉक, एकाच पायात पैंजण,
नाव विचारलं तर नुसतं 'बाय' म्हणते,
हिच्या आईने असेल तिथून कार्यालयाकडे यावं.
पांढरी व्हॅन पालखीच्या वाटेवर उभी आहे.
नाटकाचा दुसरा अंक थोड्याच वेळात.
(राजा अजून बसमध्ये होता,
ते मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही.)

नाव काय घालू?
बक्षिसाच्या कपावर कुमारी उर्मिला नायक,
रेशनकार्डावर वेरेकर,
जत्रेत 'ती अनाउन्समेंटवाली'.
एल्टन म्हणाला, नुसतं उर्मिला ठेवू,
आडनाव फार जागा खातं.

गच्चीवर नेऊन त्याने फोटो काढला.
मान जरा उजवीकडे, ओठ मिटून हसा.
कामाचा फोटो, आणि ओठ मिटून!

भाषा? त्याने विचारलं.
कोंकणी भांडायला, मराठी माईकला,
हिंदी भाजीवाल्याशी,
इंग्रजी तुझ्याशी, ती पण आजच.
त्याने चार ठिपके काढून चारही भाषा
सारख्याच उंचीवर बसवल्या.

किती लोकांपर्यंत पोचता?
चार कर्णे. त्यातला एक माडाला बांधलेला,
वारा असला तर नदीपलीकडच्या वाड्यापर्यंत.
त्याने पन्नास हजार टाइप केलं, पुढे अधिकचं चिन्ह.
मी म्हटलं, एकशे चौदा लिही.
एकशे चौदा पोरं सापडली, वहीत नोंद आहे.
त्याची बोटं थांबली.
त्यांच्यापैकी कुणाचा अभिप्राय मिळेल?

कसला अभिप्राय.
आया धापा टाकत येतात,
पोराच्या पाठीत एक धपाटा घालतात,
मग तोच पाठीवरचा हात चोळत चोळत
गर्दीत शिरतात.
मागे वळून बघायला सवड कुणाला?

एकच माणूस काही बोलला होता.
पुरसो गावडे, वय सत्तर, मुक्काम खांडेपार.
माणसं चुकली म्हणून येऊन बसला.
मी तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही.
नाटक संपलं, खाज्यांची दुकानं झाकली गेली,
माझ्या थर्मासमधला चहा आम्ही दोघांनी संपवला.
पहाटे म्हणाला, बाय, आणखी एकदा घे गो माझं नाव.
कोण आलं नाही तरी चालेल.
रिकाम्या मांडवावर मी ते नाव घेतलं,
पूर्ण, गावासकट.
मग तो पहिल्या बसने निघून गेला.

हे कुठल्या चौकटीत बसेल, एल्टन?
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, पान दोन, खाली जागा आहे.
पण घातलं नाही आम्ही.
ते त्याचं होतं, पुरसोचं.

शेवटी संपर्क.
सवयीने नवऱ्याचा नंबर तोंडावर आला,
समितीच्या पत्रकांवर बावीस वर्षं तोच छापलेला.
चार आकडे सांगून मी थांबले.
खोडायला लावले.
माझा मला पाठ नव्हता.
पर्स उघडली, फोन काढला, चष्मा लावला,
आणि आकडा न् आकडा सुटा करून
सांगितला,
सावकाश, दोनदा,
लांबच्या माणसाला
ऐकू जावा तसा.