शून्यावर टेकणारा काटा

कोमिझाच्या धक्क्यामागे, जिथे पूर्वी तारल्या डबाबंद व्हायच्या,
तिथे आता येरोलिम सिलिंडर भरून देतो.
भिंतींचा वास अजून गेलेला नाही.
यूगो सुटला, हवा दमटली की
माझ्या लहानपणीचे मासे परत येतात.

मला दोन गेज हवे होते:
एक पन्नास टक्क्यांच्या बाटलीसाठी,
एक निव्वळ ऑक्सिजनच्या.
त्याने हात दोनदा धुतले. धुतलेलं फडकं अंथरलं.
एरवी डोळ्यांत तेल घालून बघावं म्हणतात,
पण ऑक्सिजनला तेलाचं बोटही खपत नाही, भडकतो.
आणि हे सांगत होता तो कुठे,
तर जिथे चाळीस वर्षं
फरशीवर तेलावरून बायका घसरायच्या.

मला आवडला तो बटणाएवढा.
थेट रेग्युलेटरवर बसणारा, ना नळी ना लोंबकळ.
"वाच," येरोलिम म्हणाला.
मी हात लांब केला.
हॉटेलचं बिलही मी हल्ली असंच वाचते.
"बाटली काखेत असते, तोंका.
काख कुठवर लांब करशील?"

दिंको हसला. त्याच्या मनगटावर पडदा आहे,
बिनतारी, आकडे हिरवे.
वय सव्वीस, डोळे घारीचे.
मी त्याला काही बोलले नाही.
मीही सव्विसाव्या वर्षी काय काय वाचत होते अंधारात.

मग एकेक गेज चढवून येरोलिमने झडप उघडली,
हळू, आणि काच भिंतीकडे करून.
काच तोंडासमोर कधीच नाही.
दाब सोडायचा आणि बघायचं, काटा कुठवर परततो.
तिसरा दहावर अडला.
आत काही नाही, तरी दहा म्हणतो.
त्याने तो डब्यात नाही ठेवला.
हातोडीने काच ठेचली,
कुणी उचलून वापरायला नको म्हणून.

आई ह्याच भिंतीआड उभी असायची.
बोटांत माशांचे काटे, डोक्यावर बॉयलरचा काटा.
तो लाल रेषेकडे सरकला की बायका बोलायच्या थांबत.
कारखाना बंद झाला तेव्हा
तिने पहिल्यांदा तो शून्यावर पाहिला.
म्हणाली, बरा दिसतो गं. निजल्यासारखा.

मी मोठे घेतले, दोन्ही.
पांढरी तबकडी, जाड काळा काटा, वीतभर नळी.
गबाळे दिसतात. दिसू देत.

सत्तर मीटरवर एक विमान आहे, ते पाहून आम्ही वर येत होतो.
बाटलीची झडप बोटीवरच एकदा उघडून मी पुन्हा बंद केलेली;
काटा दोनशेवर.
पण ते नळीतलं. बाटलीतलं नव्हे.
बंद झडपेपुढचा काटा सकाळचंच सांगत राहतो.
सान पेद्रोहून भावाची कार्डं यायची, सगळं ठीक,
शिक्का तीन आठवड्यांपूर्वीचा.
एकवीस मीटरवर मी झडप उघडली.
काटा जरासा हलला. मग श्वास घेतला.

सहा मीटर. दुसरी बाटली.
जीव टांगणीला म्हणजे काय ते इथे शब्दशः कळतं:
एक दोरी, तिला आम्ही दोघं,
वर बोटीचा तळ, रंग उडालेला.
एकशे साठ.
दिंकोच्या मिशीत बुडबुडे अडकलेले.
एकशे चाळीस. कंटाळा येतो, खरंच येतो.
माझ्या गेजवर एक छोटा मासा येऊन
काचेतल्या स्वतःला टोचा मारत राहिला,
आणि मला त्याच्या शेपटीमागून आकडा दिसत होता.

रात्री घरी नळीतला उरलेला दाब सोडला,
काच भिंतीकडे करून.
फुस्स. काटा डावीकडे गेला, जरा थरथरला,
टेकला.
नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं, झालं का?
मी उगाचच हळू आवाजात म्हटलं, हो.