गोगलगाय

निकेशचं पाकीट आलं होळीच्या चौथ्या दिवशी,
कडा भिजून वाळलेलं, माझं नाव इंग्रजीत, गाव अर्धंच.
आत चिठ्ठी नाही.
एक दोरा, लाल-पांढरा, पीळ घातलेला,
आणि त्याला लटकलेली नखाएवढी पितळी गोगलगाय.

गोगलगाय!
मागच्या श्रावणात रात्र-रात्र टॉर्च घेऊन
ज्या सोयाबीनवरून वेचल्या,
मिठाच्या पोत्यात टाकल्या,
ती तिकडे शुभ.

फोनवर तो सांगत होता, मागे भट्टीचा आवाज:
"एक मार्चले अथी सारेच एकमेकाले देतेत.
आमच्या ब्रेडच्या कारखान्यातल्या इलेआना मावशीनं
मले सोताच्या हातानं बांधला.
झाडाले फूल येईस्तोवर घालाचा,
मंग त्याच झाडाले बांधून द्याचा. बस."
"पन कायच्यासाठी?"
"बर्फ सरला म्हनून."

बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीच्या लाकडी पेटीत,
भुशात गुंडाळलेला.

दोरा चिमटीत फिरवला.
वाती वळणाऱ्या हाताला लगेच कळतं:
कापूस नाही, लोकर.
सरकीचा वास नाही, कुठल्यातरी मेंढीचा आहे,
रोमानियातल्या.
मनगटाला गुंडाळला, गाठ दातांनी ओढली.

आणि गाव विचारू लागलं.
गिरजामाय: "कावीळ उतरवली का व?"
अंगणवाडीतली शेवंताबाई: "कोनाची नजर?"
पिठाच्या गिरणीवर, आवाज खाली आणून: "बाहेरचं काही?"
इथे दोरा म्हणजे ताप, दोरा म्हणजे धाक,
दोरा म्हणजे रात्री दचकणारं पोर.
नुसत्या आनंदाचा दोरा कोणी बांधलेला नाही.
"पोराईच्या गाठीसारखा हाये," मी म्हटलं,
"साखरेचा नाई, एवढाच फरक."
गिरजामायनं गोगलगाय दाताखाली धरून पाहिली.

पण झाड कोणतं?
पळस शिवरात्रीलाच पेटून गेला,
आता बांधावर त्याची काळपट फुलं बकऱ्या खातात.
आंब्याचा मोहर वाऱ्यानं अर्धा नेला.
मोह पहाटे टपटपतो,
पण त्याच्याखाली टोपली लावायची असते, दोरा नाही.
तिकडचं झाड लोकांना विचारून फुलत असेल.
इथे वसंत कोणासाठी थांबत नाही;
तो उंबऱ्यात असतानाच
मागून उन्हाची झळ येऊन
दाराशी चप्पल काढते.

शेवटी टाकीजवळचा कडुलिंब.
पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याला फुलोरा आला,
म्हणजे आधी नाकाला आला, डोळ्यांना नंतर.
हंडा खाली ठेवला, गाठ सोडली,
हाताशी आलेल्या फांदीला बांधला.
मनगटावर फिकट रेघ राहिली,
तिला काय करायचं, ते निकेशनं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बघते तर फांदी रिकामी.
शेवंताबाईचा नातू, वय सहा,
त्यानं दोरा नव्या पिल्लाच्या गळ्यात घातलेला.
बकरीचं पिल्लू, जन्मून वीस दिवस,
गोगलगाय छातीवर आपटत
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर,
दळणाच्या रांगेतून,
माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून.
इतकी धावलेली गोगलगाय
त्या देशातही कोणी पाहिली नसेल.
रागवायला तोंड उघडलं,
आणि तसंच राहिलं.

रात्री फोन.
"बांधला का झाडाले?"
"बांधला."
"कोन्त्या?"
"चालत्या."
लाइन तुटत होती.
पलीकडे तो हसला की भट्टी धडधडली,
कळलं नाही.